युद्धनौका आणि पाणबुड्या: नागपूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर, तरी प्रश्नांना तोटा नाही. नौदल एनसीसीचे कॅडेट, मॉडेल बनवणारे, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी आणि नुसतेच हौशी वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एक विनंती: कुठलाही आकडा वाचताना तो नौकेच्या कोणत्या स्थितीतला आहे, हे आधी पाहा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

१. विनाशिका, फ्रिगेट आणि कॉर्व्हेट यांत नेमका फरक काय? टनांची काही सीमा ठरलेली आहे का?

जगभर लागू होईल अशी सीमा नाही. ढोबळ क्रम असा: कॉर्व्हेट सर्वांत लहान, मग फ्रिगेट, मग विनाशिका. पण प्रत्येक नौदल आपापल्या सोयीने नाव देतं. आपल्याकडे १९८९ची खुकरी ही कॉर्व्हेट सुमारे १,३५० टनांची, सातपुडा ही फ्रिगेट सुमारे ६,२०० टनांची आणि विशाखापट्टणम ही विनाशिका सुमारे ७,४०० टनांची. म्हणजे आजची फ्रिगेट दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच विनाशिकांच्या दुप्पट भरते. तेव्हा वजनापेक्षा काम पाहावं. ताफ्यावरच्या मोठ्या हवाई क्षेत्राचं रक्षण करणारी आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं बाळगणारी ती विनाशिका, हा आपल्या नौदलापुरता बऱ्यापैकी चालणारा ठोकताळा आहे.

२. एकाच नौकेच्या तीन-तीन तारखा सापडतात. परीक्षेत कोणती लिहायची?

प्रश्नात काय विचारलंय त्यावर ठरतं. बांधणीला सुरुवात करताना कणा ठेवतात ती पहिली तारीख. सांगाडा पाण्यात उतरतो ते जलावतरण. सागरी चाचण्या पार पडून नौका नौदलात दाखल होते ती तिसरी. कोचीला बांधलेल्या नव्या विक्रांतचा कणा २८ फेब्रुवारी २००९ला ठेवला, जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ला झालं आणि ती दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ला. जलावतरणाच्या दिवशी नौका तरंगते इतकंच. यंत्रं, तारा, रडार, शस्त्रं हे बरंचसं काम त्यानंतरचं. नावाआधी 'आयएनएस' लागतं ते दाखल झाल्यावर. त्यामुळे '२०१३ साली आयएनएस विक्रांत तयार झाली' हे वाक्य चूक.

३. पाणबुडीचं वजन एका ठिकाणी १,६१५ टन आणि दुसरीकडे १,७७५ टन दिलंय. खरं कोणतं?

दोन्ही खरे. नव्या कलवरी वर्गाचे हे आकडे आहेत. पृष्ठभागावर तरंगताना ती सुमारे १,६१५ टन पाणी बाजूला सारते, बुडल्यावर १,७७५ टन. मधले १६० टन म्हणजे बुडण्यासाठी टाक्यांत घेतलेलं समुद्राचं पाणी. पृष्ठभागावरच्या नौकांचीही अशीच दोन विस्थापनं असतात: मानक आणि पूर्ण भाराचं. जुनी विक्रांत मानक भारात सुमारे १६,००० टनांची होती, इंधनासह पूर्ण भार घेतल्यावर साडेएकोणीस हजारांवर जाई. तुलना करताना एकीचं मानक आणि दुसरीचं पूर्ण विस्थापन घेतलं की हिशेब फसलाच.

४. पाणबुडी बुडते कशी? टाक्यांत पाणी भरलं की खाली, काढलं की वर, इतकं सोपं आहे का?

सुरुवात तशीच आहे. मुख्य बॅलास्ट टाक्यांना खालून भोकं असतात आणि वर झडपा. वरच्या झडपा उघडल्या की हवा निघते, खालून पाणी शिरतं. वर यायचं तर झडपा बंद करून दाबाखालची हवा सोडतात आणि पाणी खालच्याच वाटेने बाहेर ढकललं जातं.

खरं कसब पुढे आहे. मुख्य टाक्या भरल्यावर पाणबुडी जवळजवळ वजनहीन झाली पाहिजे, थोडीही जड किंवा हलकी नको. त्यासाठी ट्रिम टाक्या वेगळ्या असतात. पुढच्या टाकीतून मागच्या टाकीत पाणी हलवून नाक वर-खाली करतात, आणि बाहेरून थोडं पाणी घेऊन किंवा बाहेर टाकून एकूण वजन जुळवतात. इंधन संपत जातं, धान्य संपतं, टॉर्पेडो सुटतो. दर वेळी हिशेब बदलतो. रोजची खोली राखायचं काम पुढच्या आणि मागच्या आडव्या सुकाणूंचं, आणि ती वेग असेल तरच चालतात. थांबलेल्या पाणबुडीचा ट्रिम चुकला तर ती हळूहळू वर तरी येते किंवा खाली तरी जाते.

नदीमुखाजवळ आणखी एक घोटाळा होतो. गोडं पाणी हलकं असतं. समुद्राच्या पाण्यासाठी (घनता सुमारे १.०२५) जुळवलेली १,७७५ टनांची पाणबुडी गोड्या पाण्यात गेली तर जवळपास ४३ टनांनी जड ठरते आणि तेवढं पाणी बाहेर टाकावं लागतं. मॉडेलवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं; त्यांच्यासाठी प्रश्न १४ आहे.

५. रशियन पाणबुड्या इतक्या जाडजूड काहून दिसतात?

कारण त्यांना दोन आवरणं असतात. आत दाब सहन करणारं जाड कवच, बाहेर पातळ आवरण आणि मधल्या जागेत बॅलास्ट टाक्या. जर्मन आणि फ्रेंच धाटणीत बऱ्याच लांबीवर एकच कवच असतं. टाक्या मुख्यतः पुढच्या आणि मागच्या टोकाला.

फरक आकड्यांत बघा. सिंधुघोष वर्ग (रशियन किलो) पृष्ठभागावर २,३२५ टन, बुडून ३,०७६ टन: म्हणजे राखीव तरंगशक्ती (दोन वजनांतला फरक, पृष्ठभागावरच्या वजनाच्या प्रमाणात) जवळजवळ ३२ टक्के. जुना कलवरी वर्ग (सोव्हिएत फॉक्सट्रॉट) सुमारे २७ टक्के. जर्मन धाटणीचा शिशुमार वर्ग, १,६६० आणि १,८५० टन, साधारण ११ टक्के. फ्रेंच धाटणीचा नवा कलवरी वर्ग १० टक्क्यांच्या आसपास.

राखीव तरंगशक्ती जास्त असली तर एखादा कप्पा पाण्याने भरूनही पाणबुडी वर येण्याची शक्यता राहते. त्याची किंमत म्हणजे पाण्याखाली ओढत न्यायचा जादा आकार, जास्त पृष्ठभाग आणि भरायला-रिकामं करायला जास्त पाणी. कोणती धाटणी श्रेष्ठ, हा वाद आम्हाला निरर्थक वाटतो. एकीने अपघातातून वाचण्याला महत्त्व दिलं, दुसरीने आटोपशीर आकाराला. शिशुमार वर्गात तर संपूर्ण चमूला घेऊन वर येणारा बचाव-गोल बसवून वेगळंच उत्तर शोधलं.

६. जुन्या पाणबुड्या पाण्यावर जास्त वेगाने जात आणि नव्या पाण्याखाली, हे उलटं कसं?

फॉक्सट्रॉट पृष्ठभागावर सुमारे १६ नॉट आणि खाली १५ नॉट जाई. नव्या कलवरीचा वेग वर ११ नॉटच्या आसपास, पण खाली २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. जुनीचं नाक लाटा कापायला निमुळतं, कारण तिचा बराच प्रवास पृष्ठभागावरून व्हायचा. नवी पाण्याखाली राहण्यासाठीच आखलेली: गोलसर नाक, गुळगुळीत पाठ, मागे एकच पंखा. फॉक्सट्रॉटला तीन होते.

मात्र २० नॉट हा वेग फार थोडा वेळ टिकतो. लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनात वाढते. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट, बॅटरी आठपट लवकर संपते आणि कापलेलं अंतर एक चतुर्थांशावर येतं. म्हणून गस्तीवर पाणबुडी संथ चालते. फारच संथ चालूनही लाभ नाही, कारण वातानुकूलन, सोनार (पाण्याखाली आवाजावरून शोध घेणारी यंत्रणा), दिवे यांचा खर्च वेगावर अवलंबून नसतो. तो तासागणिक चालूच.

७. डिझेल पाणबुडीला किती दिवसांनी वर यावं लागतं? एआयपी म्हणजे काय?

पूर्ण वर यायची गरज नसते. पेरिस्कोपच्या खोलीवर राहून स्नॉर्केलची नळी वर काढतात, तीतून हवा घेत डिझेल इंजिन चालवतात आणि बॅटऱ्या भरतात. किती वेळाने, हे वेगावर ठरतं (प्रश्न ६). नव्या कलवरीत प्रत्येकी सुमारे ७५० किलोचे ३६० सेल आहेत. गुणाकार करा: २७० टन, म्हणजे पृष्ठभागावरच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाइतकी निव्वळ बॅटरी.

स्नॉर्केल वर असतानाच धोका सर्वांत जास्त. नळी रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज दूर जातो. लाट नळीवर आली की झडप मिटते आणि इंजिन क्षणभर आतलीच हवा ओढू लागतं. कानाला दडे बसतात. एआयपी म्हणजे बाहेरच्या हवेविना वीज तयार करणारी यंत्रणा. डीआरडीओच्या अंबरनाथ इथल्या प्रयोगशाळेने इंधन-घटावर (फ्युएल सेल) चालणारी यंत्रणा विकसित केली, आणि ती बसवण्यासाठीचा वाढीव भाग बांधण्याचा करार डिसेंबर २०२४मध्ये माझगाव डॉकशी झाला. एआयपीने संथ गतीची मुदत वाढते. वेग वाढत नाही, हे बातम्यांत हमखास चुकतं.

८. मग अरिहंत या अणुपाणबुडीला हे काही लागू नाही?

नाही. अणुभट्टीला हवा लागत नाही, आणि पिण्याचं पाणी व प्राणवायू दोन्ही समुद्राच्या पाण्यापासून करता येतात. मर्यादा येते ती धान्याची आणि माणसांच्या दमाची. अरिहंत २००९मध्ये पाण्यात उतरली आणि २०१६मध्ये दाखल झाली. अरिघात २९ ऑगस्ट २०२४ला. दोन्ही 'चक्रा' अणुपाणबुड्या मात्र भाड्याने आणलेल्या होत्या, एक १९८८ ते १९९१ आणि दुसरी २०१२ ते २०२१. त्यांना भारतात बांधलेल्या धरू नका.

९. ३०० मीटर खोलीवर कवचावर किती भार येतो?

दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. ३०० मीटरला दर चौरस मीटरवर सुमारे ३०० टन. कवच गोल नळीसारखं असतं ते यासाठीच, आणि त्याच्या वर्तुळाकारात थोडा जरी वाकडेपणा राहिला तरी चिरडण्याची खोली बरीच कमी होते. डॉकमध्ये वेल्डिंगनंतर गोलाई पुन्हा पुन्हा मोजतात ते उगाच नाही. प्रत्येक पाणबुडीच्या नेहमीच्या, कमाल आणि चिरडण्याच्या खोल्या वेगळ्या. इंटरनेटवर तिघींची सरमिसळ झालेली आढळते.

१०. एकाच नावाच्या दोन नौका असतील तर फोटोत ओळखायचं कसं?

जुनी नावं नव्या नौकांना देण्याची परंपरा आहे, त्यामुळे गोंधळ अटळ. बाजूवरचा क्रमांक पाहा, पण त्यावरच विसंबू नका. पहिली कलवरी (८ डिसेंबर १९६७ला रिगा इथे दाखल, म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन) एस-२३ होती. नवी कलवरी (१४ डिसेंबर २०१७) एस-२१ आहे. आणि एस-२३ आता नव्या करंजचा क्रमांक आहे! तिथे आकारच बघावा लागतो: लांबलचक सपाट डेक आणि सोनारच्या उंचवट्याचं नाक असेल तर फॉक्सट्रॉट. विक्रांतच्या बाबतीत तर दोघींचा क्रमांक आर-११. जुनी २१० मीटरच्या आसपास, नवी २६२ मीटर, आणि नवीच्या डेकचं टोक उतारासारखं वर वळलेलं.

सर्वांत जास्त चुकणारं उदाहरण राजपूत. १९७१मध्ये विशाखापट्टणमबाहेर होती ती दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश विनाशिका. १९८०ची क्षेपणास्त्रधारी राजपूत सोव्हिएत बनावटीची, २०२१मध्ये निवृत्त झालेली. पाकिस्तानी पाणबुडी गाझीच्या गोष्टीसोबत (प्रश्न १२) या दुसरीचा फोटो फिरताना दिसतो.

११. 'आयएनएस नागपूर' आहे का? नसेल तर होईल का?

नाही. विनाशिकांना शहरांची नावं देतात आणि समुद्र नसलेली शहरंही त्यात आहेत: दिल्ली, म्हैसूर, इंफाळ. तेव्हा समुद्रकिनारा नसणं ही अडचण नाही. फ्रिगेटना डोंगररांगा, नद्या किंवा शस्त्रं, कॉर्व्हेटना शस्त्रं आणि बेटं, पाणबुड्यांना मासे किंवा समुद्राशी निगडित नावं.

विदर्भाला जवळचं नाव हवं असेल तर सातपुडा आहेच. नौदलात ती 'सातपुरा' लिहितात. शिवालिक वर्गातली ही दुसरी नौका २० ऑगस्ट २०११ला दाखल झाली. लांबी १४२.५ मीटर. संथ प्रवासाला दोन डिझेल इंजिनं, दौडीला दोन एलएम-२५०० गॅस टर्बाइन. दोन्ही एका वेळी पंख्याला जोडत नाहीत. २०२२मध्ये ती रिंपॅक या बहुराष्ट्रीय नौदल सरावाला हवाईपर्यंत गेली होती.

१२. गाझी नेमकी कशाने बुडाली? आणि खुकरी वाचवता आली असती का?

गाझी (मूळची अमेरिकन डायब्लो) ३-४ डिसेंबर १९७१च्या रात्री विशाखापट्टणमबाहेर बुडाली. भारतीय बाजू राजपूतने टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बकडे (डेप्थ चार्ज) बोट दाखवते, पाकिस्तानी बाजू तिच्याच सुरुंगाच्या किंवा आतल्या स्फोटाकडे. परीक्षेत विचारलं तर दोन्ही बाजू लिहाव्यात.

पहिली खुकरी (प्रश्न १मधली नव्हे) ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेसोबतच राहिले. जोडी विषम होती. हंगोर फ्रेंच डाफ्ने वर्गातली त्या काळची नवी पाणबुडी, तर खुकरी पन्नाशीच्या दशकातली, स्वस्तात आणि झपाट्याने बांधायची म्हणून आखलेली ब्रिटिश फ्रिगेट. तिच्या सोनारला शत्रू ऐकू येण्याआधीच हंगोरला ती ऐकू येत होती. त्यात सोनारच्या चाचणीसाठी वेग कमी ठेवलेला. 'वाचवता आली असती का' याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर आमचा तरी विश्वास बसत नाही.

१३. नौका बंदरात उभी असताना कशा बुडतात किंवा आडव्या होतात? आणि बॉयलर फुटकं असताना विक्रांत लढली कशी?

आधी विक्रांत. १९७१मध्ये तिच्या चारपैकी एका बॉयलरला भेगा होत्या, तो बंद ठेवावा लागला आणि वेग खूप घटला. विमानवाहू नौकेला वेग हवा असतो तो डेकवर समोरून वारा मिळावा म्हणून. शिवाय विमान फेकणारं कॅटापल्टही वाफेवरच. तरी सी हॉक आणि अलिझे विमानं उडाली, चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले झाले. समोर शत्रूची विमानवाहू नौका नव्हती, हाही त्यातला भाग.

बॉयलरनेच पुढे विक्रमादित्य या विमानवाहू नौकेला रखडवलं. २०१२च्या चाचण्यांत तिच्या आठपैकी बहुतेक बॉयलरच्या आतलं अस्तर खचलं. ॲस्बेस्टॉसऐवजी वापरलेल्या विटा तो ताप सोसू शकल्या नाहीत. ती दाखल व्हायला नोव्हेंबर २०१३ उजाडला.

आता बंदरातल्या घटना. ५ डिसेंबर २०१६ला फ्रिगेट बेतवा मुंबईच्या गोदीत बाहेर काढताना आडवी झाली आणि दोन नौसैनिक गेले. गोदीत पाणी भरताना नौकेचं थोडं वजन ठोकळ्यांवर आणि थोडं पाण्यावर असतं. या मधल्या अवस्थेत ठोकळ्यांचा खालून येणारा जोर तिचं स्थैर्य कमी करतो. टाक्यांतल्या भाराचा हिशेब चुकला तर ती पूर्ण तरंगण्याआधीच कलते. बेतवा पुढे सरळ करून दुरुस्त झाली.

पाणबुड्यांत धोका बॅटरीचा आणि शस्त्रांचा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन तयार होतो. सिंधुरक्षकवर फेब्रुवारी २०१०मध्ये हायड्रोजनमुळे आग लागली. १४ ऑगस्ट २०१३चा मुंबईतला स्फोट वेगळा: तो पुढच्या टॉर्पेडो कप्प्यातला, त्यात १८ जण गेले. सिंधुरत्नची घटना २६ फेब्रुवारी २०१४ची, समुद्रात धूर होऊन दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. या तिन्ही घटना बऱ्याचदा एकच समजल्या जातात.

१४. अंबाझरी किंवा फुटाळ्यात चालेल असं पाणबुडीचं मॉडेल करायचंय. वजन किती ठेवू?

लांबी प्रमाणाने घटते, वजन प्रमाणाच्या घनाने. १:१०० प्रमाणात नवी कलवरी ६७.५ सेंटिमीटर लांब होईल आणि वजन दहा लाखांनी भागायचं. गोड्या पाण्यासाठी आणखी १.०२५ने भागा. बुडताना सुमारे १,७३० ग्रॅम, तरंगताना सुमारे १,५७५ ग्रॅम. म्हणजे बॅलास्ट टाकी फक्त १५५ मिलिलिटरची. हातातल्या इंजेक्शनच्या सिरिंजा मोटरने ओढल्या तरी भागतं. सिंधुघोष केलीत तर त्याच प्रमाणात ७३० मिलिलिटर लागतील. कारण प्रश्न ५मध्ये आहे.

नेहमी चुकतं ते असं. टाकी अर्धी भरलेली असताना पाणी आत इकडेतिकडे पळतं आणि मॉडेल कुशीवर पडतं; टाकीत लांबीच्या दिशेने पडदे घालून रुंदीचे दोन-तीन कप्पे करा. शिसं तळाशी, फोम वर ठेवा, उलट नको. पाणी शिरणारा बाहेरचा पोकळ भाग असेल तर त्याला वर आणि खाली दोन्हीकडे भोकं हवीत, नाहीतर हवेचा फुगा अडकून नाक वर राहतं. पहिली चाचणी घरच्या टाकीत करा. तलावात २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्याखाली काही सेंटिमीटरवर निरुपयोगी होतो, म्हणून सिग्नल तुटताच टाकी आपोआप रिकामी होईल अशी सोय ठेवा किंवा जुन्या ४० मेगाहर्ट्झच्या रिमोटने चालवा.

१५. थ्रीडी प्रिंट केलेला सांगाडा मे महिन्यात वाकडा झाला. प्रिंटर बिघडलाय का?

बहुधा नाही. पीएलए सुमारे ६० अंशांना मऊ पडतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग तिथवर सहज पोचतो. पीईटीजी किंवा एबीएस वापरा. मॉडेल डिकीत नेणार असाल तर थर्माकोलच्या पेटीत, आधार देऊन न्या. स्प्रेचा रंगही दुपारी हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, पहाटे रंगवा.

१६. खरी पाणबुडी आतून पाहायची तर नागपूरहून कुठे जावं?

विशाखापट्टणम. समता एक्स्प्रेस नागपूरहूनच जाते. रामकृष्ण बीचवर कुरसुरा उभी आहे: १९६९मध्ये दाखल, २००१मध्ये निवृत्त, २००२पासून संग्रहालय. ९१.३ मीटर लांब, सात कप्पे. पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या मोजून पाहा; मागच्या चार आता नव्या पाणबुड्यांत सापडत नाहीत. कप्प्यांमधली दारं गोल आणि अरुंद आहेत, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान लेकरांना कडेवर घेणाऱ्यांनी आधी विचार करावा. समोरच टीयू-१४२ हे पाणबुडीविरोधी विमानही ठेवलंय. मुंबईत जुनी विक्रांत पाहू म्हणून निघणाऱ्यांसाठी: तिथलं संग्रहालय २०१२मध्ये बंद झालं आणि नौका २०१४पासून भंगारात काढली गेली. १९८९ची खुकरी मात्र दीवला आहे.